ॲव्हरेजची मोठी गाडी

डेपोच्या कँटीनमध्ये एक कुजबुज चार वर्षं चहाबरोबर फिरत होती. ॲव्हरेज म्हणे डेपोचं डिझेल घरी नेतो. सांगणारा आधी मागे वळून बघायचा, मग कप तोंडाशी धरून त्याच्या आडून बोलायचा. सुरुवातीला नुसतं ‘नेतो’ एवढंच होतं. मग कोणीतरी त्याला रबरी नळी जोडली. पिंप मी घातलं. निळं, प्लास्टिकचं, झाकणाला तडा गेलेलं. रंग सांगितला की लोकांचा पटकन विश्वास बसतो, आणि त्या दुपारी मला फारसं काम नव्हतं.

कुजबुजीला कारण होतं आणि ते चांगलं साडेसोळा फूट लांब होतं. ॲव्हरेजच्या दारात उभी असलेली ती काळी गाडी. सात माणसांची, चाकं कमरेपर्यंत येतील एवढी, पुढची जाळी अशी की एखादा माणूस दात दाखवून उभा आहे असं वाटावं. गाडी लिटरला सात किलोमीटर द्यायची. उतार असला आणि पाठीमागून वारा असला तर आठ. हे ज्याच्या पगारात बसत नाही तो डिझेल आणतो कुठून, असा साधा प्रश्न होता, आणि साध्या प्रश्नाला साधं उत्तर मिळालं की कँटीनमध्ये कोणी पुढे विचारत नाही.

त्यातून तो माणूस कोण, तर ॲव्हरेज. आमच्या बस डेपोत चालकांना इंधन वाचवायला शिकवणं हे त्याचं काम, नावही त्यावरूनच पडलेलं. एक लिटरची पारदर्शक बाटली, तिला नळी, नळीचं दुसरं टोक इंजिनाला. बाटली भरायची, बस रस्त्यावर काढायची आणि बाटली संपून इंजिन बंद पडेपर्यंत किती किलोमीटर झाले ते बघायचं. चालकाच्या शेजारी हा बसलेला. क्लचवर पाय ठेवून बसू नको. गिअर लवकर बदल. लांबून लाल दिवा दिसतोय ना, मग कोणाला भेटायची घाई आहे? संध्याकाळी प्रत्येक चालकाचा आकडा फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिला जायचा. तो खडूने लिहिणारा मी, डेपोचा टाइमकीपर. खाली नाव आलेला चालक मला शिव्या द्यायचा, वर नाव आलेला ॲव्हरेजला चहा पाजायचा. म्हणजे माझ्या वाट्याला काय आलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

घरीही हा तसाच. शेवटचा शर्ट इस्त्री बंद करून उरलेल्या उष्णतेवर फिरवायचा. पाण्याला उकळी यायच्या जरा आधी गॅस बंद करायचा, म्हणायचा, “आता ते आपलं आपण उकळेल.” वहिनी म्हणायच्या, “माझ्याशी लग्नसुद्धा यांनी उतारावरच केलं, जोर लावावा लागला नाही.” त्याची लहान गाडी लिटरला सव्वीस द्यायची. हे तो न विचारता सांगायचा. विचारलं तर टायरमधल्या हवेपासून सुरू करायचा.

त्याला एकच मुलगी. लहानपणी सुट्टीच्या दिवशी तो तिला बाटलीच्या चाचणीला घेऊन जायचा. ती मागच्या बाकावर गुडघे टेकून बसायची आणि डोळे मिटून ऐकायची. बाटली तळाला आली की इंजिनाचा आवाज आधी बारीक होतो, मग एक आचका देतो. कोणालाही कळायच्या आत ती ओरडायची, “बाबा, संपली.” चालक तोंडात बोट घालायचे. ॲव्हरेज छाती फुगवून मला म्हणायचा, “बाबू, कान बघ पोरीचे.” ते कान पुढे त्यालाच महागात पडले.

मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायला लागली. हाताचं काम, एका केसाइतका फरक चालत नाही. मालक म्हणायचा, हिच्या हातची काच हलत नाही. सकाळी बाप तिला गाडीने दुकानात सोडायचा आणि पुढे डेपोत यायचा.

दुकानाच्या वाटेवर पाण्याच्या टाकीपासून खाली चौकापर्यंत लांबलचक उतार आहे. आता पुढचं मला खूप उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, उगाच ताटकळत कशाला ठेवू. त्या उतारावर ॲव्हरेज रोज गाडी न्यूट्रलला टाकायचा आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा. फुकटचे नऊशे मीटर. वर्गात हाच माणूस चालकांना बजावायचा की उतारावर इंजिन बंद करायचं नाही, बंद इंजिनावर ब्रेक एकदा लागतो, दोनदा लागतो, तिसऱ्यांदा दगड होतो. पण नियम शिकणाऱ्यांसाठी असतात. हा तर शिकवणारा होता.

त्या सकाळी वळणावर कोणीतरी हातगाडी घेऊन आडवा आला, पहिला ब्रेक तिथे गेला. दुसरा एका सायकलवाल्यासाठी. चौकाच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता. तिसऱ्यांदा पाय दाबला तर पेडल खाली जाईना. त्याने किल्ली परत फिरवली, तेवढं त्याला सुचलं, पण गाडी तोवर टँकरच्या मागच्या चाकात शिरली होती. त्याला कपाळावर चार टाके. मुलीचं उजवं कोपर चुरलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि हात अर्ध्यातच थांबला. सरळ होत नाही, पूर्ण मिटत नाही. काचा घासायचं काम गेलं. मालक भला, त्याने तिला गल्ल्याशेजारी बसवून लोकांचे नंबर लिहून घ्यायला लावलं, डाव्या हाताने.

इस्पितळात पहिला पोचला तो ॲव्हरेजचा मेहुणा, वहिनींचा धाकटा भाऊ. हा फरशा बसवायचे ठेके घ्यायचा आणि ट्रकएवढी गाडी चालवायचा. गाडीत फरशी कधी ठेवली नाही, सीट खराब होते म्हणून. भाऊजींच्या लहान गाडीवरून त्याने वर्षानुवर्षं टोमणे मारले होते. “भाऊजी, पार्किंगला जागा लागते का तुमच्या गाडीला, की खिशात ठेवता?” तो पलंगाशी उभा राहून म्हणाला, “मी किती वर्षं सांगतोय. लोखंड हवं माणसाभोवती. माझ्या गाडीत असती तर पोरीच्या केसाला धक्का लागला नसता.”

ॲव्हरेज कपाळाची पट्टी चाचपत म्हणाला, “खरं आहे. पत्राच पातळ. बिस्किटाच्या डब्यासारखा चेपला.”

झालं. ते वाक्य त्याला सापडलं आणि त्याने ते सोडलं नाही. विमेवाल्याला तेच, शेजाऱ्यांना तेच, आम्हाला डेपोत तेच. गाडी लहान होती. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. लहान गाडीला शिव्या देणं सोपं असतं, ती काही उलटून बोलत नाही. पलंगावर पडलेली मुलगी छताकडे बघत होती. तीही काही बोलली नाही.

बरी झाल्यावर ती बसने दुकानात जाऊ लागली. पुढे तिने दुकानाजवळच एक खोली घेतली आणि दर रविवारी आईबापांना भेटायला बसने यायची, बसने जायची. ॲव्हरेजने चेपलेली गाडी भंगारात दिली आणि तसलीच दुसरी लहान घेतली. मुलगी तिच्यात बसली नाही. तो म्हणाला, “सोडतो ना.” ती म्हणाली, “नको बाबा, बस आहे.” एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडली असती तर बरं, असं वहिनी मला म्हणाल्या होत्या. एकदा रविवारी तो लहान गाडी घेऊन बसच्या मागे मागे तिच्या खोलीपर्यंत गेला. ती बसच्या मागच्या काचेतून बघत होती, त्याने हात केला. तिनेही केला. पुढच्या रविवारी पुन्हा बस.

तेव्हा त्याने ती लहान गाडी विकली आणि ही काळी आणली. जुनीच, पण अडीच टन लोखंड. मेहुण्याने शोधून दिली, ठोकून ठोकून दाखवली. लिटरला सात हे ऐकून ॲव्हरेजचा चेहरा असा झाला म्हणे, की जणू त्याच्या कानात कोणी थुंकलं. पण त्याने गाडी घेतली. कारण काय तर आता पोरगी बसेल. आता पत्रा पातळ नाही. आयुष्यभर थेंब थेंब वाचवलेला माणूस एका माणसाला शेजारच्या सीटवर बसवण्यासाठी पिंपं ओतायला तयार झाला. माझ्या निळ्या पिंपाची आठवण करून देऊ नका.

पहिले तीन आठवडे तो ती गाडी डेपोत घेऊन आला. आणि इथे मला एक गंमत सांगितलीच पाहिजे, बिचारा मेला असला तरी. त्याला ती गाडी आवडली. भारीच आवडली. लहान गाडीत असताना त्याला रिक्षावालेसुद्धा हॉर्न मारून बाजूला करायचे. आता समोरचा आपणहून बाजूला होत होता. फाटकावरचा पहारेकरी, जो वीस वर्षं त्याला बघून जांभई द्यायचा, तो उठून उभा राहिला. मी विचारलं, “काय रे, कसं वाटतं वर?”

तो म्हणाला, “बाबू, लोकांच्या गाड्यांची छपरं दिसतात. किती घाण असतात.”

“आणि ॲव्हरेज?”

“गप बस.”

पण बोलताना त्याचा हात स्टिअरिंगवरून फिरत होता, माणूस मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा. साठीला आलेल्या माणसाकडे पहिल्यांदाच जग मान वर करून बघत होतं. आम्हीही बघत होतो. बघता बघता हिशेब करत होतो, पगार किती आणि टाकी केवढी. कुजबुज त्याच तीन आठवड्यांत जन्मली.

मुलीने रविवारी येऊन गाडी बघितली. तिच्याभोवती फिरली. “छान आहे,” म्हणाली. आणि “येते, बाबा” म्हणून बसथांब्याकडे गेली.

त्याच सुमारास डेपोत नव्या बस आल्या. बरोबर बस बनवणाऱ्यांचा एक शिकवणारा आला, तिशीतला पोरगा, हातात रिमोट. ॲव्हरेज पहिल्या बाकावर, मी मागे चहाच्या आशेने. पोरगा सांगत होता की या इंजिनात कॉम्प्युटर आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन आपोआप बंद होतं.

ॲव्हरेजने विचारलं, “बंद म्हणजे किती कमी?”

“कमी नाही साहेब, बंद. थेंबही जात नाही. उतार संपला की परत सुरू.”

“आणि पेट्रोलच्या लहान गाड्या?”

“गेल्या वीस वर्षांतल्या सगळ्या तशाच.”

“म्हणजे समजा, कोणी उतारावर किल्लीच बंद केली तर?”

पोरगा हसला. “जुनी माणसं करायची. ज्या उतारावर ब्रेक लावावा लागतो तिथे त्याने काहीच वाचत नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही साहेब.”

सभोवती चालक हसत होते, एकजण मागून म्हणाला, “आता बाटली मोडीत काढा, मास्तर.” ॲव्हरेजने वही मिटली, पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. तेव्हा मला वाटलं की त्याला नव्या पोराने शिकवलेलं झोंबलं. मी तसं कँटीनमध्ये सांगितलंही, जरा मीठमिरची लावून.

त्या संध्याकाळी तो मोठी गाडी डेपोतच ठेवून, चालत मुलीच्या दुकानात गेला. हे मला मुलीनेच पुढे सांगितलं, माझ्या चष्म्याचा नंबर लिहून घेताना. तो गल्ल्याशी उभा राहिला आणि म्हणाला, “त्या दिवशी गाडी लहान होती म्हणून नाही झालं.”

ती म्हणाली, “माहीत आहे, बाबा.”

“काय माहीत आहे?”

“टाकीपाशी इंजिन बंद झालं होतं. मी ऐकलं.”

त्याने गल्ल्यावरची एक रिकामी फ्रेम उचलली, परत ठेवली. मग म्हणाला, “बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल असं वाटत होतं. तुम्ही पत्र्याबद्दल बोललात. मामा लोखंडाबद्दल बोलला. मग तुम्ही लोखंड विकत घेतलंत. मला वाटलं, अजून थोडं थांबावं.”

“आता बसशील?”

“किल्लीला हात लावणार नाही?”

“नाही. शपथेवर.”

“शपथ नको. नुसतं लावू नका.”

रविवारी ती बसली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या, शेजारी गॅलरीत. गाडी उंच असल्यामुळे मुलीला वाकड्या हाताने वर चढता येईना, बापाने खालून आधार दिला. पायरी केवढी उंच आहे ते मोजायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आत बसल्यावर ती हसून म्हणाली, “ट्रकवर चढल्यासारखं वाटतं.” दोघं बोलत निघाली. तिच्या खोलीकडे जायचं तर तोच रस्ता, तीच टाकी. त्याने तिला विचारलं, दुसऱ्या वाटेने जाऊ का? ती म्हणाली, नको, इथूनच. तिला तो उतार ओलांडून टाकायचा होता बहुतेक.

टाकीपाशी तो मालकाने बढती दिल्याचं ऐकत होता. लेकीकडे बघून मान हलवत होता. खुशीत होता. आणि रस्ता खाली झुकला तसा त्याचा डावा हात गिअरवर गेला, गाडी न्यूट्रलला आली, आणि उजवा हात किल्लीवर. चाळीस वर्षांची सवय. बोटं फिरलीच. इंजिनाने एक आचका दिला.

तिने डोळे मिटले होते. “बाबा, संपली,” ती म्हणाली.

त्याने लगेच किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, ब्रेक लागला, गाडी कडेला उभी राहिली. कोणाला ओरखडासुद्धा नाही. मागून येणाऱ्याने साधा हॉर्नही वाजवला नाही, गाडीच एवढी मोठी. तो म्हणाला, “चुकून. हात गेला. आता नाही.” ती म्हणाली, “मला माहीत आहे चुकून गेला. म्हणूनच.” डाव्या हाताने दार उघडून ती पाठमोरी, चाचपडत उतरली आणि चौकातल्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस येईपर्यंत तो कडेला थांबला. बस आली, ती चढली. या वेळी मागच्या काचेतून तिने हात केला नाही.

तेव्हापासून गाडी दारात. ॲव्हरेज डेपोत बसने येऊ लागला, चालकाच्या मागच्या बाकावर. आम्ही म्हणालो, बघा, चोरी अंगाशी आली म्हणून गाडी लपवतोय. पण शेजारी सांगायचे की दर रविवारी संध्याकाळी गाडीचं इंजिन चालू असतं, चांगलं वीस-पंचवीस मिनिटं. आम्ही म्हणालो, फिरून येत असणार. डोंगराबिंगरावर. मौज आहे एकेकाची.

गाडी जागची हलत नव्हती. मुलगी घरातून निघायची वेळ झाली की तो बाहेर जाऊन गाडीत बसायचा आणि इंजिन सुरू करून ठेवायचा. शेजारची सीट पुसलेली. पायरीखाली त्याने लाकडी खोका ठेवला होता, तिला चढायला सोपं जावं म्हणून. ती दारातून बाहेर यायची, चप्पल घालायची, गाडीच्या काचेशी थांबायची. “येते, बाबा.” तो म्हणायचा, “सावकाश जा.” ती वळणावर दिसेनाशी झाली तरी इंजिन चालू असायचं. पहिली बस चुकली तर, पाय दुखला तर, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. ज्या माणसाने लाल दिव्याला उभ्या बसचं इंजिन बंद करायला चारशे चालकांना शिकवलं, तो दर रविवारी उभ्या गाडीत डिझेल जाळत बसायचा. लिटरला शून्य. वहिनींनी एकदा म्हटलं, “विकून टाका.” तो म्हणाला, “मग ती कशात बसेल?”

तिकडे डेपोत कुजबुज वर गेली, साहेबांपर्यंत. चौकशी वगैरे काही झाली नाही, पुरावा कुठे होता. एके सकाळी त्याला फक्त सांगितलं गेलं की बाटलीची चाचणी आता नको, नव्या बसचे आकडे कॉम्प्युटरवर येतात. इंधनाच्या खोलीची किल्ली मागितली गेली. फळा मी पुसला. त्याने विचारलं, “बाबू, लोक काय बोलतात माझ्याबद्दल?” मी म्हणालो, “लोकांचं काय मनावर घेतोस.” त्याने सांगून टाकलं असतं की गाडी चालतच नाही, तर कुजबुज तिथेच मेली असती. पण मग का चालत नाही, हेही सांगावं लागलं असतं.

शेवटची दीड वर्षं तो टायर मोजायच्या खोलीत होता. निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत गेला. छातीचं दुखणं. मुलगी बसने आली.

गाडी विकायची ठरली तेव्हा कागद लिहायला वहिनींनी मला बोलावलं. घेणारा माणूस आत चढला, मीटरवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. म्हणाला, मीटर मागे फिरवलंय का? मी आकडा बघितला, मग गाडी घेतली तेव्हाच्या कागदावरचा आकडा बघितला, दोनदा वजाबाकी केली. मेहुणा घेणाऱ्याला म्हणाला, “किती देता ते बोला, गाडी घोड्यासारखी आहे.” घेणाऱ्याने सीटखाली हात घातला. तिथे पंपाच्या पावत्यांचा गठ्ठा होता, रबर लावलेला, तारखेने.

ॲव्हरेजने डेपोतून डिझेल कधीच नेलं नाही. गाडीत जे होतं ते त्याने पंपावर रांगेत उभं राहून भरलेलं होतं. चार वर्षांत गाडी तीनशे सत्त्याण्णव किलोमीटर चालली. बाकीचं डिझेल दारात उभ्या उभ्या जळलं. निळं पिंप नव्हतं.